बांधावरून परत गेलेली माणसं

नोव्हेंबर अर्धा सरला की मला शिंका सुरू होतात. एक-दोन नव्हेत, ओळीनं सात-आठ. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तरसुद्धा एव्हाना त्या ओळखायला लागलेत. सुमन, माझी बायको, स्वयंपाकघरातूनच म्हणते, "आली तुमची सुगी." दरवर्षी मी वाफ घेतो, नाक पुसत पुसत उद्यमबागेत कामावर जातो आणि महिना निघून जातो. यंदा तिनं हट्टच धरला म्हणून डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण, दवाखाना नवा, भिंतींना रंगाचा वास अजून होता. त्यानं नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "धुळीची अॅलर्जी दिसते. शेताशी वगैरे काही संबंध येतो का तुमचा?"

मी म्हणालो, "नाही."

किती पटकन म्हणालो. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली तेव्हा ते ध्यानात आलं आणि मला माझीच लाज वाटली. ज्याच्या अंगावर वीस-बावीस सुग्या भाताच्या कुसांची खाज चढली, ज्यानं मळणीची धूळ नाकातोंडानं खाल्ली आणि वर त्याच तोंडानं भाकरी खाल्ली, त्या माणसानं एका पोरसवदा डॉक्टरला सांगितलं की शेताशी संबंध नाही. आणि वाईट याचं की ते खोटं नव्हतं.

मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मॅनेजर आहे. एका नगाला किती मिनिटं लागतात आणि त्यातलं एखादं मिनिट कसं वाचवता येईल, हे बघण्याचा मला पगार मिळतो. तिथून खानापूरच्या रस्त्याला थोडं पुढं गेलं की दोन्ही बाजूंना भात लागतं. या दिवसांत सकाळी धुकं असतं आणि धुक्यातून कापलेल्या भाताचा वास येतो, गोडसर, ओलसर, नुकत्याच उतरवलेल्या पेजेसारखा. आमच्या लहानपणी घरोघरी बासमती लावायचे, तेव्हा तर तो वास कपड्यांनाही यायचा. आता जाती बदलल्या, वास पातळ झाला. तरी माझ्या नाकाला तो दोन किलोमीटरवरून कळतो आणि शिंका येतात.

आमचं गाव त्याच रस्त्यानं आत. तिथं आमचा पैरा होता, पाच घरांचा. ज्यांना पैरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज पाचही घरांनी मिळून तुमचं भात कापायचं, उद्या माझं, परवा आणखी कुणाचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. तुमच्या घरातल्या माणसानं माझ्या शेतात एक दिवस काढला की माझ्या घरातल्या माणसानं तुमच्या शेतात एक दिवस काढायचा. याला पैरा फेडणं म्हणतात. कुणी लिहून ठेवत नसे, कारण विसरायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर ज्याच्या खांद्याला खांदा लावून कापलं, त्याला कसं विसरणार? आणि फेडला म्हणजे संपला असंही नसे. पुढची सुगी आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पाच घरांचा कारभारी म्हणजे गुंडूअण्णा. आमच्या शेताला लागून बांधापलीकडं त्याचं शेत. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, आवाज खणखणीत, आणि चेष्टा केल्याशिवाय त्याला काम सुधरायचं नाही. कुणी कुठल्या ओळीला लागायचं, म्हणजे कुणी कुठली पात धरायची, हे तोच ठरवायचा. बांधालगतची पहिली पात आप्पांची, माझ्या वडिलांची. दुसरी त्याची स्वतःची. मला पहिल्यांदा पात मिळाली तेव्हा मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू. पण विळा हातात बसेना, बुंधे उंच राहिले आणि माझी पात नागमोडी पुढं गेली. गुंडूअण्णा कंबर सरळ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की ह्या इंजिनेरानं बांधलेल्या रस्त्यानं आपण काय बेळगावला पोचत न्हाय. सगळं शिवार हसलं. मी कानापर्यंत लाल झालो. मग त्यानंच, न बोलता, माझ्या पातीतले चार हात आपल्या पातीत ओढून घेतले आणि मला सगळ्यांच्या बरोबरीनं बांधाला पोचवलं.

दुपारी ज्याचं शेत त्याच्या घरची भाकरी. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, शेंगांची चटणी, कांदा. भाजी कमी पडली तर चेष्टा, तिखट झाली तर चेष्टा. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, पण हसणं मधे एकच. संध्याकाळी पेंढ्यांवर उन्हं तिरपी यायला लागली की विळे धुवायचे आणि कुणीतरी विचारायचं, "उद्या कुणाचं?" गुंडूअण्णा एका घराचं नाव घ्यायचा. सगळे माना हलवायचे आणि पांगायचे. एवढंच. मी आज इतक्या मीटिंगांना बसतो, इतके मेल लिहितो, पण उद्या आपण कुठं असायचं हे इतक्या निर्धास्तपणे मला परत कधीच कळलं नाही.

आप्पा आमचं शेत नेहमी शेवटी ठेवायचे. आधी चार घरांचं कापून घ्यायचं, मग आमचं. आई कुरकुरायची, की आपलंच भात उभं राहून गळतंय. आप्पा म्हणायचे, चौघांचं झालं की मग आपल्याला घोर नाही. मला तेव्हा हा भिडस्तपणा वाटायचा. खरं सांगतो, थोडा मूर्खपणाही वाटायचा.

नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं मी सुगीला चार दिवस रजा काढायचो. मग दोन. मग फक्त रविवार. मग रविवारीसुद्धा शिफ्टचं काहीतरी निघायला लागलं. माझ्या वाट्याचा पैरा आप्पा आणि आई फेडत राहिले आणि मी फोनवर विचारत राहिलो, झाली का कापणी. माझ्या गैरहजेरीबद्दल गुंडूअण्णानं कधी एक शब्द काढला नाही. उलट मी दिसलो की म्हणायचा, तुझी पात तशीच ठेवलीय रं, वाकडी.

सात वर्षांपूर्वीची सुगी. आप्पांचे गुडघे पार गेले होते. तरी त्या माणसानं चारही घरी एकेक दिवस काढला. आईनं मला फोनवर सांगितलं, की ते आता वाकून कापत नाहीत, बसून सरकत सरकत कापतात. मला तो प्रकार डोळ्यांपुढं आला आणि संताप आला. कुणाचा, ते आता विचारू नका. आमच्या कापणीचा दिवस रविवार ठरला होता. शनिवारी मी गावी गेलो तर आभाळ भरून आलेलं. मोबाईलवर बघितलं, पाऊस दाखवत होता. उभं भात, वरून अवकाळी, घरात म्हातारा असा. माझ्यातला मॅनेजर जागा झाला. ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि कापणीचं मशीन रविवारी सकाळी सातला शेतावर बोलावलं.

आप्पांना सांगितलं ते रविवारी पहाटे, चहाच्या वेळी. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "माणसांस्नी सांगितलंयस?"

मी म्हणालो, त्यात सांगायचं काय, येतील तेव्हा दिसेलच. आप्पा पुढं काही बोलले नाहीत. मी ती त्यांची संमती समजलो. अक्कल पाजळायची तर अशी.

ढगांमुळं त्या दिवशी दव पडलं नव्हतं. मशीन सातला सुरू झालं. मशीनवाला दावणगेरेकडचा, त्याच्याशी मी कन्नडातून बोलत होतो, इकडून घे, कोपरा सोडू नको. सव्वा एकराचं काम ते. आठला बांधावरून माणसं येताना दिसली. चार घरांची दहा-अकरा माणसं, डोक्याला टॉवेल, हातात विळे, बायकांच्या कमरेला पदर खोचलेले. निम्म्याहून जास्त भात तोवर कापून झालं होतं. सगळे बांधावर येऊन एका ओळीत थांबले. खाली कुणी उतरलं नाही.

गुंडूअण्णा पुढं आला. मशीन वळेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "बरं केलास. काम झाल्याशी मतलब." आणि माझ्याकडं वळून, "मग आता आमी काय करावं म्हणतोस, नारू?"

मी हसलो. हसून म्हणालो, "करायचं काय अण्णा, आज सुट्टी तुम्हाला."

हे वाक्य मी सात वर्षं चघळतोय. त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं, उलट आपण फार मोकळ्या मनाचे आहोत असं वाटलं होतं. कारखान्यात एखादं काम दोन तास लवकर उरकलं की मी माणसांना असंच सांगतो आणि ती आनंदानं घरी जातात.

आईनं बारा माणसांचा स्वयंपाक केला होता. ती पाटी घेऊन आली, बसा म्हणाली, दोनदा म्हणाली. पण काम केल्याशिवाय पैऱ्याची भाकरी कुणी खाईना. गुंडूअण्णाच्या सुनेनं, रेखानं, आईचा हात धरून सांगितलं की आजी, वाईट वाटून घेऊ नका. चहा तेवढा घेतला आणि आली तशी माणसं विळे घेऊन परत गेली. ती उसळ आम्ही दोन दिवस खाल्ली. आणि दुपारी ढग विरले, लख्ख ऊन पडलं, पाऊस काही आला नाही.

आप्पा संध्याकाळपर्यंत बांधावर बसून होते. मी म्हणालो, बघा, दीड तासात उरकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. मला वाटतं, कीव केल्यासारखं.

"अरं, भात घरात आलं," आप्पा म्हणाले, "माणसं बांधावरनं परत गेली."

मी त्याच रात्री जेवून बेळगावला परतलो आणि सोमवारी ऑफिसात ही गोष्ट फुशारकीनं सांगितली.

पुढच्या आठवड्यात गुंडूअण्णा मुलाला घेऊन आमच्या घरी आला. कुंपण दुरुस्त करून देतो म्हणाला. कुंपण मीच आदल्या वर्षी तारेचं करून घेतलं होतं. मग दुसऱ्या घरचे आले, पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी रचून देतो म्हणाले. पण मशीननं पिंजराचा भुगा केला होता, रचायला काही उरलंच नव्हतं. आप्पांनी म्हणे घरभर, गोठाभर हिंडून त्यांना द्यायला एखादं काम शोधलं. सापडलं नाही. आपण किती नीटनेटकं सगळं करून ठेवलंय याचा मला तेव्हा अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात आप्पांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन केलं. शेत वाट्यानं दिलं, बाहेरच्या एका माणसाला, ज्याचं स्वतःचं मशीन आहे. सुगी आली. आप्पा बऱ्यापैकी चालायला लागले होते. त्यांनी विळा काढला, दगडावर पाणी टाकून धार लावली आणि सकाळी दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसले. गुंडूअण्णाचं शेत कापायला माणसं समोरच्या वाटेनं गेली. सगळ्यांनी आप्पांना नमस्कार केला, तब्येत विचारली. चल म्हणून कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीही आप्पा बसले, विळा घेऊन. तिसऱ्या दिवशीही. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बरंच झालं की, त्यांना विश्रांती हवीच होती.

मी समजत होतो, माणसं रुसली. तसं असतं तर बरं झालं असतं. रुसवा निघतो, पाया पडून निघतो, भांडून निघतो. आईनं पुढं कधीतरी मला समजावून सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, जणू हे कुणालाही ठाऊक असतं अशा सुरात. ज्याचा फेडायचा राहिलेला एक दिवस आपल्या डोक्यावर आहे, त्यालाच आणखी एक दिवस कसा मागायचा? आणि आप्पांनी तरी बिनबोलावता कसं जायचं? गेले तर त्यांच्यावरचं ओझं वाढवल्यासारखं. मनानं चांगली होती म्हणूनच ती माणसं हाक मारू शकली नाहीत. मी पाच घरांतून आमचं घर काढून घेतलं ते असं, दीड तासात, कुणाशी न भांडता.

आप्पा त्यानंतर दोन वर्षं होते. गेले ते उन्हाळ्यात. चारही घरं धावून आली, खांदा दिला, तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटू दिली नाही. गुंडूअण्णा तर कार्य उरकेपर्यंत ओसरीवरच होता. मला त्या दुःखातही मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं, चला, फिटलं.

आई आता आमच्याकडं असते. बाल्कनीतून तिला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तक्रार करत नाही. फक्त या दिवसांत संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना सुमनला विचारते, "आज कुणाचं झालं असंल गं?" सुमन शहरात वाढलेली, ती काय सांगणार. ती माझ्याकडं बघते आणि मी टीव्हीकडं.

डॉक्टरला "नाही" म्हणून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी माळ्यावरून आप्पांचा विळा काढला. गंज होता, घासून धार लावली. सुमननं विचारलं, निघालात कुठं, आणि मास्क दिला. मी तो खिशात घातला.

गुंडूअण्णाच्या शेतात कापणी चालू होती. चार घरांची माणसं कमी झालीत, सात-आठच होती, पण पाती धरलेल्या होत्या. गुंडूअण्णा सत्तरीच्या पुढं गेलाय, तरी बांधालगत होता. पहिल्या पातीला, आप्पांच्या. मला बघितल्यावर सगळे उभे राहिले. पैऱ्यातलं माणूस आलं तर कुणी काम थांबवत नाही. रेखा लगबगीनं खोपटाकडं गेली आणि प्लॅस्टिकची लाल खुर्ची घेऊन आली. पदरानं पुसून बांधावर सावलीत ठेवली.

"बसा की काका," ती म्हणाली.

मी पिशवीतून विळा काढला. गुंडूअण्णाला म्हणालो, अण्णा, मला पात द्या, वाकडी तर वाकडी. मी हे हसत म्हणायचं ठरवून आलो होतो, पण हसायचं राहून गेलं. त्यानं माझ्या हातातला विळा ओळखला. घेतला, अंगठा फिरवून धार बघितली आणि मला परत दिला.

"न्हाय रं, नारू," तो म्हणाला. "तुज्या आप्पाचा एक दिस अजून आमच्याकडं हाय. त्योच फिटला न्हाय, त्यावर आणि तुजा एक कुठं ठेवू?"

मी म्हणालो, आप्पा गेले तेव्हा तुम्ही सगळे तेरा दिवस आमच्या दारात होता की.

"मातीला आलो, त्यो पैरा न्हवं," गुंडूअण्णा म्हणाला. "मातीला कोणबी येतंय. बस तू. उनाचा आलायस."

बांधापलीकडं आमचं शेत होतं. कापून मोकळं झालेलं, मशीनच्या चाकांचे पट्टे अजून दिसत होते. त्याचीही नजर तिकडं गेली आणि माझीही. तिथं त्याला एक दिवस फेडता येईल असं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं आणि ते तो बोलून दाखवत नव्हता. मी खुर्चीवर बसलो.

दुपारी मला पहिल्यांदा वाढलं, वेगळ्या ताटात, भाकरीवर तुपाची धार. पाहुण्याला करतात तसं सगळं. उसळ तीच होती, तिखट. कुणीही चेष्टा केली नाही. मला दिवसभर शिंका येत होत्या आणि रेखा दर वेळी खुर्ची धुळीपासून थोडी लांब सरकवत होती. मी खूप बोललो, मुलीच्या नोकरीबद्दल, आईच्या बीपीबद्दल. त्यांनी सगळं मनापासून ऐकलं. आईसाठी नव्या तांदळाची पिशवी बांधून दिली. मला ती घ्यावीशी वाटेना आणि नको म्हणायचं धाडसही होईना.

उन्हं तिरपी झाली. माणसं पाटाच्या पाण्यात विळे धुवायला लागली. माझा विळा कोरडाच होता, तरी मी पिशवीतून काढून पाण्यात बुडवला, उगाच. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी विचारलं, "उद्या कुणाचं?"

गुंडूअण्णानं एका घराचं नाव घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सवयीनं मीही हलवली. मग खुर्ची उचलून रेखाच्या हातात दिली आणि स्कूटरकडं निघालो.